तोंडची कबुली

सोनिवलीच्या मागच्या माळावरचं गवत त्या वर्षी शेवटचं होतं. माळ एका बिल्डरनं घेतला होता. नाताळ झाला की जेसीबी आणतो, तोवर कापाल तेवढं तुमचं, असं त्याचा माणूस शिवरामला सांगून गेला होता. दिवाळी संपली तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. कापलेलं गवत दोन दिवस उन्हात पडून राहावं लागतं, आणि ऊन दुपारी दोन तास यायचं आणि जायचं. खालचा थर काळा पडून त्याला आंबूस वास यायला लागला होता.

शिवराम पुढे कापत जायचा. त्याच्या मागे त्याची बायको द्रौपदी आणि शेजारची सुंदराबाई. तिघांचे विळे एका चालीत चालायचे. कुसळं लुगड्यात, पोटरीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात घुसायची. दुपारी भाकरी खायला बसलं की बायका आधी पाय पुढे घेऊन कुसळं उपटायच्या, मग हात धुवायच्या.

संध्या बांधाजवळच्या आंब्याखाली बसून भारे बांधायचे गवताचे बंध वळायची. शिवराम-द्रौपदीची ही एकुलती मुलगी. वय सतरा, पण अंगानं अकरा-बारा वर्षांची वाटायची. चपटा चेहरा, तिरके डोळे, जीभ थोडी बाहेर. दवाखान्याच्या कागदावर डाउन सिंड्रोम असं लिहिलेलं होतं. गावात तिला खुळी म्हणत. बोटं आखूड आणि जाड होती, तरी बंध वळण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मूठभर ओलं गवत गुडघ्यावर धरून ती पीळ द्यायची, टोक आत खुपसायची आणि झालेला बंध डाव्या बाजूला नीट ओळीत ठेवायची. वीसेक बंध झाले की तिचे ओठ निळसर व्हायचे. मग ती उठून उकिडवी बसायची. तसं बसलं की तिला बरं वाटायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"द्रौपदे, तुझ्या येसूला सांग ना गो, दोन दिस ऊन दे म्हणावं," सुंदराबाई म्हणाली. "तेवढं केलं तर मीबी येते हालेलुया करायला."

"तू नको येऊ. तुझ्या तोंडानं लोकं पळतील."

"नाय कशी येऊ? तिथं चहा-बिस्किट देतात ऐकलंय."

शिवराम हसला. तो स्वतः कधी गेला नव्हता. चार वर्षांपूर्वी संध्याला न्युमोनिया झाला तेव्हा उल्हासनगरच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं प्रार्थना केली होती, आणि पोरगी घरी परत आली. तेव्हापासून द्रौपदी दर रविवारी त्या बाईच्या मंडळीत प्रार्थनेला जायची. वर्षभरानं तिनं पाण्यात बाप्तिस्मा घेतला. शिवरामनं अडवलं नाही. तू जा, मला ओढू नको, एवढंच तो म्हणाला. देव्हाऱ्यातले देव त्यानं स्वतःच्या बाजूला, फडताळात हलवले.

पावसाळ्यात डॉक्टरनं पुन्हा संध्याची छाती तपासली. हृदयाला भोक होतं ते लहानपणीच शिवायला हवं होतं. आता फुफ्फुसं बिघडली, ऑपरेशनची वेळ गेली. "किती दिवस?" शिवरामनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, "सांगता येत नाही. थंडी, ताप यापासून जपा."

त्या दिवसापासून द्रौपदीच्या मनात एकच गोष्ट होती. मंडळीत चार वर्षं ती ऐकत आली होती की जो विश्वास ठेवतो आणि बाप्तिस्मा घेतो तो प्रभूकडे जातो. बाकीच्यांचं काय होतं तेही तिनं ऐकलं होतं. ती स्वतः एकीकडे जाणार आणि संध्या दुसरीकडे. इथं जी पोरगी आईचा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नव्हती, ती तिथं एकटी कशी राहील, हे भाकऱ्या थापतानाही तिच्या मनात यायचं आणि तव्यावरची भाकरी करपायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी नदीवर बाप्तिस्मे होणार होते. द्रौपदीनं संध्याचं नाव द्यायचं ठरवलं.

मंडळी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात भरायची. खाली एका सिंधी शेठचं पापडाचं गोदाम, वर पत्र्याचा हॉल. उपासनेभर हिंगाचा वास यायचा. पास्टर नरेंद्र चाळिशीचे, पूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते. उजव्या हाताची करंगळी अर्धी नव्हती. हळू बोलायचे. मंडळीतले ज्येष्ठ, दिनानाथकाका, मात्र मोठ्यानं बोलायचे. नावं घेण्याआधी चाचणी घेणं त्यांच्याकडे होतं, कारण या मंडळीत लहान मुलांचा बाप्तिस्मा नव्हता. ज्याला पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा त्यानं स्वतःच्या तोंडानं कबुली द्यायची, चार लोकांसमोर.

द्रौपदीनं पंधरा दिवस तयारी करून घेतली होती. उपासना झाल्यावर संध्याला पुढे उभं केलं. तिच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती.

"संध्या," दिनानाथकाका म्हणाले, "येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे, असं तू मानतेस?"

"हो," संध्या म्हणाली.

कुणीतरी टाळी वाजवली. द्रौपदीला रडू आलं.

"पाप सोडायला तयार आहेस?"

"हो."

दिनानाथकाकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "संध्या, तू मुलगा आहेस का?"

"हो."

"मी तुझा बाप आहे का?"

"हो."

"ही तुझी आई नाही ना? ही चोर आहे ना?"

संध्यानं आईकडे बघितलं. आई मान हलवत नव्हती. तिनं परत काकांकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, आणि बरोबर उत्तर दिल्यावर हसायची तसं हसली.

मागच्या तरुण पोरांत खसखस पिकली. एकजण म्हणाला, "अरे पूछ ना, तू शेठ का गोदाम लेगी क्या?" त्याला बाजूच्या बाईनं गप्प केलं, पण तिच्याही तोंडाला पदर होता.

"पुरे, काका," पास्टर म्हणाले.

"मी थट्टा करत नाही, पास्टर. हे 'हो' कशाचं, ते मंडळीला कळायला पाहिजे."

द्रौपदीनं संध्याचा हात धरला आणि जिना उतरली. पास्टर मागून आले. गोदामाच्या दारात पापड वाळत घातलेल्या खाटा होत्या. त्यांच्यामध्ये ते उभे राहिले.

"ताई, राग धरू नका. काका कडक आहेत, पण खोटं बोलले नाहीत."

"तिला कळतं, पास्टर. प्रार्थनेला डोळे मिटते. माझ्या आधी मिटते."

"मला माहिती आहे. पण कबुली तिची पाहिजे, तुमची नको. जिला नाही म्हणता येत नाही, तिचं हो मी कसं धरू?" ते थांबले. "अजून चार आठवडे आहेत. तिला नाही म्हणायला शिकवा. मग मी स्वतः विचारीन."

घरी येताना रिक्षात संध्यानं आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

दुसऱ्या दिवसापासून माळावर शिकवणं सुरू झालं. द्रौपदी कडुलिंबाचा पाला घेऊन यायची. "खातेस?" "हो." संध्या तो तोंडात घालायची, तोंड वाकडं करायची आणि गिळायची. "अगो, नाय म्हण. कडू हाय. नाय म्हण." "नाय म्हण," संध्या म्हणायची. "परत खातेस?" "हो."

तापलेला दगड हातात द्यायचा. "पाहिजे?" "हो." जड भारा दाखवायचा, तिला उचलणार नाही असा. "उचलतेस?" "हो," आणि ती खरंच वाकायची. द्रौपदीला धावत जाऊन तिला मागे ओढावं लागायचं.

"तिचं डोकं नाय पोचत तिथं," सुंदराबाई म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती.

"पोचत होतं," द्रौपदी म्हणाली.

ते तिचं तिलाच आठवलं होतं. संध्या पाच-सहा वर्षांची असताना नको म्हणायची. आंघोळीला नको, औषधाला नको, पाहुण्यांसमोर चादरीखाली लपायची आणि नको नको करून किंचाळायची. द्रौपदीची सासू तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली होती, हिला वळण लाव, नायतर आपल्या मागं हिला कोण ठेवून घेईल? सांगेल ते करणारी असली तर कुणीपण दोन घास घालील. द्रौपदीला ते पटलं होतं. तिनं चुलीजवळची काटकी घेतली होती. नको म्हटलं की पोटरीवर एक. वर्षभर लागलं नाही. त्यानंतर पोरीनं नको म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. गावात बायका म्हणायच्या, खुळी हाय पण किती शाणी हाय गो.

विळा खाली ठेवून द्रौपदी थोडा वेळ बसून राहिली. मग शिवरामनं हाक मारली तशी उठली. आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि पसरलेलं गवत गोळा करायचं होतं.

गुरुवारी वखारीचा टेम्पो गवत न्यायला आला. दोन माणसं भारे वर फेकत होती. त्यातला एक, आकाश नावाचा, पंचविशीचा, तोंडात गुटखा. संध्या बंध घेऊन उभी होती.

"काय गो, येतेस काय माझ्यासंगं?" तो म्हणाला. "वखारीत लगीन लावू. बारात टेम्पोतून."

"हो," संध्या म्हणाली.

"चल मग, चढ."

ती चढली. तिला चढता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्यानं हाताला धरून ओढून घेतलं. गवताच्या ढिगावर ती बसली आणि पाय पुढे पसरून हसली. टेम्पो सुरू झाला. दोघं हसत होते, बांधापर्यंत नेऊन सोडणार होते, असं नंतर म्हणाले. शिवराम विळा घेऊनच धावत आडवा आला, तसा टेम्पो थांबला. त्यानं मागचं फळकूट उघडलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि आकाशकडे बघितलं.

"मस्करी केली, काका. ती बोलली हो."

"ती हो बोलते," शिवराम म्हणाला. "तिला कायपण विचारलं तरी ती हो बोलते, रांडेच्या."

टेम्पो गेला. शिवराम संध्याला आंब्याखाली घेऊन आला. तिच्या छातीचा भाता चालला होता. ती उकिडवी बसली. शिवराम तिच्यासमोर तसाच बसला.

"पास्टरसाठी नको," तो द्रौपदीला म्हणाला. "तुझ्या पास्टरचं मला काय नाय. पण हे शिकव म्हणायला तो माणूस बरोबर हाय."

त्या दिवसापासून शिकवणं त्यानं घेतलं. पाला, दगड हे सगळं त्यानं सोडून दिलं. तो नुसता बघत राहिला की पोरीला स्वतःचं म्हणून काय आहे. तिला काही नव्हतं. कपडे दुसऱ्यांचे जुने, ताटली घरातली कुठलीही. एका दुपारी त्याचं लक्ष तिच्या डावीकडच्या बंधांच्या ओळीकडे गेलं. एखादा वाकडा पडला की ती काम थांबवून तो सरळ करत होती.

तो उठला. ओळीच्या मधला एक बंध उचलला. "घेऊ मी?"

"हो."

त्यानं तो सुंदराबाईकडे टाकला. संध्या बघत राहिली. त्यानं दुसरा उचलला. "घेऊ?"

"हो," ती म्हणाली, पण हात पुढे झाला होता.

त्यानं तोही टाकला. तिसरा उचलला. विचारलं नाही. मग दोन्ही हातांनी सगळी ओळ विस्कटली.

संध्या उभी राहिली. तिच्या घशातून आधी नुसताच आवाज आला. "ना," ती म्हणाली. "ना. नाय." तिनं त्याच्या हातातला बंध ओढला. "नाय! नाय! माजा!"

सुंदराबाईनं तोंडावर हात ठेवला. शिवराम मातीत गुडघ्यावर बसला होता आणि पोरगी त्याच्या डोक्यावर बंधानं मारत होती. त्याला तसं हसताना द्रौपदीनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. तिला मात्र पुढे जाता येईना. काटकीचा तो हात पदरात गुंडाळून ती उभी राहिली.

नंतरचे आठ दिवस घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आंघोळ? नाय. भाकरी? नाय. गोळी? नाय. गोळी गुळात लपवून द्यावी लागायची. भूक लागली की हो यायचं. हळूहळू दोन्ही आपापल्या जागी बसले. सुंदराबाई तिला मुद्दाम विचारायची, "तू माझी सून होतेस का गो?" "नाय." "का? माझा पोरगा चांगला नाय?" "नाय." सुंदराबाई कपाळाला हात लावायची. "हिला खरं कळतंय गो, द्रौपदे."

पुढच्या चाचणीला पास्टर स्वतः बसले. दिनानाथकाका बाजूला.

"तू मुलगा आहेस?"

"नाय."

"मी तुझा बाप आहे?"

"नाय." आणि मग बोट दाराकडे. बाहेर जिन्यात शिवराम उभा होता. आत न येता तो त्या दिवशी तिथवर आला होता.

"येशूवर तुझं प्रेम आहे?"

संध्यानं डोळे मिटले, प्रार्थनेला मिटायची तसे. "हो," ती म्हणाली.

दिनानाथकाकांनी खिशातून पेन काढलं आणि यादीत शेवटी तिचं नाव लिहिलं.

डिसेंबरच्या त्या दुसऱ्या रविवारी सकाळी नदीवर धुकं होतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ, कमरेएवढं होतं. मंडळी दोन टेम्पोतून आली होती. सहा जणांचे बाप्तिस्मे होते, सगळे पांढऱ्या कपड्यात. द्रौपदीनं स्वतःचं जुनं पांढरं लुगडं फाडून संध्याचा झगा शिवून घेतला होता. आत दोन स्वेटर घातले होते आणि काठावर शिवराम घोंगडी, कोरडे कपडे, आणि शेगडीवर गरम केलेल्या पाण्याची किटली घेऊन बसला होता. थंडी, ताप यापासून जपा, हे तो विसरला नव्हता. आदल्या रात्री तो म्हणाला होता, उन्हाळ्यात कर. द्रौपदी म्हणाली होती, उन्हाळ्यापर्यंत काय कबूल केलंय कुणी?

गाणं सुरू झालं. पहिला एक रिक्षावाला पाण्यात गेला. पास्टरांनी त्याच्या पाठीखाली हात घातला, नाक धरलं आणि मागे वाकवून पूर्ण बुडवला. तो वर आला तो ठसकत, डोळे फाडून, केसांतून पाणी गळत. काठावर टाळ्या. संध्यानं टाळी वाजवली नाही. तिनं आईचा पदर बोटाला गुंडाळला. दुसरी बाई बुडाली तेव्हा तिनं गुंडाळी आणखी घट्ट केली. पाचव्यापर्यंत तिचं बोट पांढरं पडलं होतं.

"संध्या," पास्टरांनी हाक मारली.

द्रौपदी तिला घेऊन उतरली. घोटे, पोटऱ्या, गुडघे. पाणी सुईसारखं टोचत होतं. पास्टर पुढे आले, म्हणजे तिला आणखी खोल जावं लागू नये.

"संध्या, येशू तुझा तारणारा आहे, असं तू मानतेस?"

"हो."

काठावरून आवाज उठला. दिनानाथकाकाही त्यात होते.

"मग त्याच्या नावानं या पाण्यात बाप्तिस्मा घ्यायला तयार आहेस?"

संध्यानं पाण्याकडे बघितलं. मग पास्टरांच्या हाताकडे, अर्ध्या करंगळीकडे.

"नाय," ती म्हणाली.

काठावर कुणी हसलं नाही.

"घाबरू नको. मी धरतो. आई आहे. घेतेस?"

"नाय."

"भीती वाटती तिला," द्रौपदी घाईनं म्हणाली. "थंडीनं बोलते. तुम्ही घाला, पास्टर. येसूला हो बोलली ना? ते झालं ना? मी धरते तिला, तुम्ही घाला."

तिनं संध्याचे दोन्ही दंड मागून धरले आणि पुढे ढकललं. संध्यानं पाय रोवले. "नाय! नाय, आय! नाय!" ती पाण्यातच उकिडवी बसायला गेली, पाणी छातीपर्यंत आलं, तशी किंचाळली. ओठ निळे झाले होते. नखंही.

"पास्टर, एक डुबकी," काठावरून दिनानाथकाका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते विनवत होते. "एक क्षण. आईच्या विश्वासावर धरा."

पास्टर नरेंद्र उभे होते. त्यांचे हात पुढे झाले होते. द्रौपदीला वाटलं, आता धरतील. मग त्यांनी हात मागे घेतले.

"ताई, सोडा तिला. तिनं सांगितलंय."

"तिला काय कळतं!"

हे द्रौपदीच्या तोंडून निघालं आणि सगळ्यांनी ऐकलं. गाणं थांबलं होतं.

शिवराम धोतरासकट पाण्यात शिरला. त्यानं पोरीला उचललं, काठावर नेऊन घोंगडीत गुंडाळलं, तळपाय चोळायला लागला. "मीच शिकवलं," तो एवढंच म्हणत होता, कुणाला ते कळत नव्हतं. "मीच शिकवलं तिला."

द्रौपदी पाण्यात तशीच उभी राहिली. शेवटी दोन बायकांनी जाऊन तिला आणलं.

संध्याला ताप आला नाही. द्रौपदी तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, वेणी घालायची, पण बोलायची नाही. संध्या तिच्या मागे मागे फिरायची. माळावर थोडंच गवत उरलं होतं. नाताळच्या आधीच कोपऱ्यात जेसीबी येऊन उभा राहिला होता आणि त्याचा ड्रायव्हर केबिनमध्ये झोपा काढत होता.

चौथ्या दिवशी पास्टर मोटारसायकलवरून आले. द्रौपदी कापत होती. थांबली नाही. ते तिच्या बाजूनं चालत राहिले.

"पुढच्या वर्षी परत विचारू, ताई."

"पुढच्या वर्षी?" विळा चालत होता.

पास्टर मधल्या भाऱ्याला वळसा घालून परत तिच्या बरोबरीला आले.

"दुसऱ्या चर्चमध्ये डोक्यावर नुसतं पाणी शिंपडतात," ती म्हणाली. "बाळांना पण. तसं करा."

"तो बाप्तिस्मा मी मानत नाही. जे मी मानत नाही ते तिच्यावर करू?"

"मंग ती गेली तर कुठं जाईल?"

"देव दयाळू आहे. तिच्यासारखी लेकरं त्याला..."

"नाय." द्रौपदी सरळ उभी राहिली. तिची कंबर कटकन वाजली. "चार वर्षं तुम्ही मला असं नाय सांगितलं. जसं लिहिलंय तसं, बोट ठेवून दाखवलं. माझ्या सासूचं सांगितलं, माझ्या बापाचं सांगितलं, ते कुठं गेले ते. तेव्हा देव दयाळू नव्हता? माझा बाप कुणाच्या वाटेला गेला नव्हता. मी रडले, आन् मानलं. आता माझ्या पोरीच्या वेळी तुम्हाला माहीत नाय?"

पास्टरांनी खाली बघितलं. त्यांच्या पॅंटला कुसळं लागली होती. ती ते एकेक काढायला लागले, आणि मग थांबले.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले.

"बरं झालं सांगितलं," द्रौपदी म्हणाली, आणि खाली वाकली.

पास्टर गेल्यावर तिनं संध्याला हाक मारली. संध्या धावत आली, चार पावलांवर दम लागून थांबली. द्रौपदीनं तिच्या पोटऱ्यांवरून हात फिरवला, जुन्या जागी. "तुझ्यावर राग नाय," ती म्हणाली. संध्यानं पदराचं टोक शोधलं.

रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायचा विधी. शिवराम म्हणाला, एवढं झालं आता कशाला जातेस? ती म्हणाली, जाते. येसूशी माझं भांडण नाय. आणि संध्याला बरोबर घेतलं.

हॉलमध्ये पुढे सतरंज्या होत्या. बाप्तिस्मा झालेले तिथं बसत. ज्यांचा झाला नव्हता, नवे आलेले, मुलं, नुसते बघायला आलेले, ते मागे चटईवर बसत आणि थाळी फिरताना त्यांच्यापर्यंत येत नसे. एरवी द्रौपदी संध्याला चटईवर एखाद्या बाईजवळ सोपवून पुढे जायची. त्या दिवशी ती संध्याजवळच चटईवर बसली. पुढच्या बायकांनी वळून बघितलं. एकीनं सरकून जागा केली. द्रौपदीनं मान हलवली.

पास्टरांनी भाकर मोडली. दिनानाथकाका थाळी घेऊन ओळीतून फिरले. शेवटची सतरंजी संपली तिथं ते थांबले, आणि मग चटईवर आले. द्रौपदीसमोर वाकले.

"ताई, तुमचं नाव पुस्तकात आहे," ते हळू म्हणाले. "पुढे या. तुमची जागा तिथं आहे."

"माझं नाव खोडा, काका."

"असं खोडता येत नाही."

"मंग राहू दे. पण मी हितं बसणार. ही जिथं बसेल तिथं."

"याचा अर्थ कळतोय तुम्हाला, ताई? तुम्ही कबुली दिलीय. ती सोडली म्हणजे..."

"कळतोय," द्रौपदी म्हणाली. "तुम्हीच शिकवलाय."

काकांनी थाळी तिच्याकडे कलती केली. थाळीतले तुकडे एका बाजूला गोळा झाले. "निदान घ्या," ते म्हणाले. "बसा इथंच, पण घ्या."

संध्यानं भाकरीचे तुकडे बघितले. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. तिनं हात पुढे केला.

दिनानाथकाकांनी थाळी वर उचलली. त्यांनी ती मुद्दाम उचलली नसावी. पंचवीस वर्षांची सवय होती. ते तसेच, थाळी छातीशी धरून उभे राहिले, आणि पुढे पास्टर नरेंद्र प्रार्थनेला सुरुवात न करता त्या तिघांकडे बघत राहिले. खालून गोदामात पीठ कुटल्याचा आवाज येत होता. संध्याचा हात पुढे पसरलेला होता, आखूड जाड बोटं उघडी. द्रौपदीनं तो खाली घेतला नाही.